सुलोची धार

काइस्लावेसी
१४ जानेवारी २०२३

प्रिय सुलो,

तू बरा असशील, आउनेवहिनीचे गुडघे या थंडीत फार छळत नसतील, आणि यंदाही तळ्याच्या बर्फाला भोक पाडून तू जाळं टाकत असशील, असं धरून चालतो. मी ठीक. डावा खुबा आता धातूचा आहे, वरच्या दातांतले चारच माझे स्वतःचे आहेत. सौनाच्या शेगड्या विकायचा धंदा बरा चाललाय, कारण बाहेर उणे सत्तावीस आहे. बाकी सगळं कुशल.

कुशल कसलं डोंबलाचं! सत्तावीस वर्षांत तुला ख्रिसमसचं कार्डसुद्धा न टाकणारा माणूस अचानक पत्र लिहायला बसतो, तेव्हा त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेलेली असते हे तुला कळलंच असेल. कान उघडे ठेवून ऐक.

येत्या पंचवीस फेब्रुवारीला आपला आइस हॉकी क्लब माझा शर्ट गोठवणार आहे. माझा पाच नंबर हॉलच्या छताला टांगणार, आणि यापुढे क्लबमध्ये तो कुणालाही मिळणार नाही. सतरा हंगाम खेळलो मी यांच्यासाठी, स्वीडनमधली पाच वर्षं वेगळी. नाक तीनदा फुटलं, हनुवटीला बावीस टाके. पण आतापर्यंत यांना छत सापडत नव्हतं. आता हॉलला तिसऱ्यांदा नवीन नाव दिलंय, तिकिटं खपत नाहीत, तेव्हा म्हाताऱ्याची आठवण झाली.

ते जाऊ दे. मंगळवारी मला ऑफिसात बोलावलं. नवा अध्यक्ष मिस्का तुहकानेन, छत्तीस वर्षांचा, उणे सत्तावीसमध्ये पातळ टोकदार बूट घालून फिरतो. म्हणाला, समारंभात दाखवायची फिल्म तयार आहे, बघ. चार मिनिटांची फिल्म. पहिली तीन मिनिटं बरी होती. मग आलं ते. शहाण्णवच्या फायनलचा पाचवा सामना, दोन-दोन बरोबरी, जादा वेळ, जो पहिला गोल करील तो विजेता. मी आपल्याच निळ्या रेघेवर वळतोय, उजवा पाय सरकतो, मी बर्फावर फतकल मारतो, त्यांचा पोरगा पक, ती रबरी चकती, घेऊन एकटा पुढे जातो आणि गोल. आपल्या गावाला ना त्याआधी कधी विजेतेपद मिळालं, ना त्यानंतर. आणि हे सगळं संथ गतीत, सर्कशीच्या संगीतावर! खाली रंगीत अक्षरांत लिहिलेलं: ‘सुलोची धार’.

मी म्हटलं, "हे काय आहे?"

"गंमत रे. सगळे हसतील. आणि हे बघ!" त्यानं खणातून लाकडी सुरी काढली. ब्रेडला लोणी लावायची, जुनिपरच्या लाकडाची. मुठीवर माझा नंबर, आणि पात्यावर कोरलेलं तुझं नाव. सुलोची धार. तीन हजार सुऱ्या केल्यात त्यांनी, दुकानात ठेवायला. "लोण्याशिवाय काही कापत नाही! गोड आहे ना?"

"सुलो जिवंत आहे," मी म्हटलं.

"असू देत की! त्यांनाही एक पाठवू, भेट म्हणून."

"त्याला विचारलंस?"

"अरे इल्पो, गावात सगळेच म्हणतात. आम्ही काय नवीन काढलंय?"

सुलो, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण तो कारटा खोटं बोलत नव्हता. म्हणतातच सगळे. न्हाव्याची कात्री केस ओढायला लागली की सुलोची धार. पाव नीट कापला गेला नाही की सुलोची धार. गवत कापायचं यंत्र अडलं की तेच. माझी मुलगी सहा वर्षांची असताना उन्हाळ्यात आजीकडे आली होती, तिसऱ्याच दिवशी मला जेवताना म्हणाली, "बाबा, ही सुरी सुलोची आहे, दुसरी द्या." तिला तू कोण हेही माहीत नव्हतं. तेव्हा मी हसलो होतो.

मंगळवारी नाही हसलो. टेबलावर मूठ आपटली, त्याची कॉफी सांडली. सांगून टाकलं, त्या सुऱ्या नकोत, फिल्ममधला तो तुकडा नको, आणि सुलो पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसणार. नाहीतर शर्ट माझ्या कपाटात बरा आहे. एका माणसाची आयुष्यभर टिंगल करायची आणि वर तिचा बाजार मांडायचा? लाज वाटायला हवी! सतरा वर्षं ज्यानं तुमच्या एकवीस माणसांच्या स्केट्सची बेचाळीस पाती रोज घासली, त्याला तुम्ही लोण्याची सुरी देता?

तो नरमला. सुऱ्यांचं ‘चर्चा करून बघतो’ म्हणाला, पण आमंत्रण लगेच छापून दिलं. सोबत जोडलंय, दोघांसाठी. ये. मी तुला बर्फावर बोलावीन, सगळ्यांसमोर मिठी मारीन आणि सांगीन की सुलो पेसोनेनसारखा धार लावणारा या देशात झाला नाही. मग विषयच संपला.

खरं सांगायचं तर त्या दिवशी बर्फच खराब होता. पाच हजार माणसं, दमट हवा, वर पाण्याचा थर. मी त्या बातमीदाराला काय बोललो ते मला नीट आठवतही नाही. दम लागलेला, घाम डोळ्यांत, त्यानं तोंडात माइक कोंबला. ‘पातं धरेना. धार लावणाऱ्याला विचारा.’ एवढंच म्हणालो असेन. त्याचं त्यांनी पहिल्या पानावर तुझा फोटो छापून एवढं मोठं करायला नको होतं, आणि क्लबनं मे महिन्यात तुझ्यावर खापर फोडून तुला काढायला तर मुळीच नको होतं. नालायक लेकाचे. मी तोवर स्वीडनला गेलो होतो, नाहीतर बोललो असतो. जादा वेळेच्या आधी मी दोन मिनिटं खोलीबाहेर गेलो होतो खरा, पण त्याचा इथे काही संबंध नाही.

तर ये. आउनेला घेऊन ये.

तुझा जुना कप्तान,
इल्पो


सार्कीनिएमी
२६ जानेवारी

इल्पो,

मासे मिळतायत. आउनेच्या गुडघ्यांची चौकशी केलीस. त्यांचं ऑपरेशन होऊन नऊ वर्षं झाली, ती आता माझ्यापेक्षा जोरात चालते.

आमंत्रण परत पाठवतोय. मला तुझी मिठी नको.

‘दोन मिनिटं बाहेर गेलो होतो, पण त्याचा संबंध नाही.’ वा रे वा! हे वाक्य मी आउनेला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना तिनं चष्मा काढून ठेवला.

पोरा, मी धार लावणारा आहे. ज्योतिषी नाही, पण पातं बघून तू कुठे गेला होतास ते मला सांगता येतं. सामन्यानंतर तू तुझी स्केट्सची जोडी कचऱ्याच्या पिंपात फेकलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती बाहेर काढली. उजव्या पात्याची आतली कड मधल्यापासून टोकापर्यंत गेलेली, जागोजागी टवके, आणि खाचेत करडी भुकटी. बर्फावर सिमेंट नसतं, इल्पो. आपल्या खोलीपासून बर्फापर्यंत जमिनीवर रबर अंथरलेलं होतं, संडासापर्यंतही होतं. ‘रबर सोडायचं असेल तर पात्यांना टोपणं घाला’ असं मी तुम्हाला ओरडून ओरडून घसा बसवून घेत होतो. उघडी फरशी होती फक्त मागच्या बोळात, कॉफीच्या खोलीकडे जाणारी. त्या खोलीत उंटाच्या रंगाचा कोट घातलेला स्वीडनचा माणूस बसला होता. त्याला कॉफी मीच नेऊन दिली होती. पुढच्या महिन्यात तू कुठल्या क्लबात गेलास ते पेपरात आलं, तेव्हा उरलंसुरलं कळलं.

तुझ्यापेक्षा मला जास्त कळत होतं, म्हणून तर गप्प बसलो. खेळाडूचं सामान जे सांगतं ते त्या खोलीतून बाहेर जात नाही, हा माझ्या कामाचा नियम होता. आणि मी बोललो असतो तरी काय झालं असतं? चूक झाकणारा म्हातारा म्हणाले असते. ते तूच सांगू शकत होतास. मला वाटलं, आठवड्याभरात येईल. मग वाटलं, स्वीडनहून लिहील. दोन हजार एकला तू परत आलास. दुकानात चीजच्या रांगेत माझ्या मागे उभा होतास, मला म्हणालास, "काय सुलो, कसं काय?" आणि चीज घेऊन गेलास.

मी त्यानंतर शाळेत देखभालीचं काम केलं, निवृत्त होईपर्यंत. हस्तकलेच्या तासाला दर वर्षी नवीन पोरं मला कात्री आणून द्यायची. "सुलो, धार लावून दे ना!" आणि मागे सगळा वर्ग खिदळायचा. मी प्रत्येक कात्रीला धार लावून दिली. त्यातल्या एकीनंही कधी कापायचं नाकारलं नाही. यावर कुणी कधी काही म्हटलं नाही.

तुला त्या अध्यक्षाचा राग आला म्हणे. टेबलावर मूठ आपटलीस. बरं झालं. आता जरा स्वतःच्या घरात आपट.

पार्सलमध्ये तुझी जोडी पाठवतोय. कातड्याला दर वर्षी तेल दिलंय, गंज धरू दिला नाही. डाव्याला ताजी धार आहे. उजव्याला त्या दिवसानंतर मी धारेचं चाक लावलेलं नाही. ती हातात धरून भाषण ठोकू नकोस. घाल आणि चाल.

सुलो पेसोनेन
धार लावणारा


काइस्लावेसी
५ मार्च

प्रिय सुलो,

तू बरा असशील. हे एवढंच विचारतो, कारण मागच्या वेळी जास्त विचारून फसलो.

तुझं पत्र वाचून मला आधी तुझाच राग आला. खोटं कशाला बोलू! चार दिवस तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या. म्हातारा सत्तावीस वर्षं डूख धरून बसलाय, एकदा तोंडावर येऊन बोलला असता तर काय बिघडलं असतं, वगैरे. जोडीचं खोकं मी गॅरेजमध्ये शेगड्यांच्या मागे ढकलून दिलं. पाचव्या दिवशी उघडलं. उजवं पातं अंगठ्याच्या नखावरून फिरवलं, आणि मग राग करायला दुसरं कुणी उरलंच नाही.

म्हणून आता सगळं लिहितो. तुला ठाऊक आहे तरी लिहितो.

त्या माणसानं उंटाच्या रंगाचा कोट घातला होता, बरोबर. त्यानं दारातल्या पोलिसाबरोबर निरोप पाठवला, जरा हात मिळवून जा. फायनलच्या जादा वेळेच्या आधी! मी जायला नको होतं. पण गेलो. तीस वर्षांचा होतो, माझी किंमत तेव्हाच सर्वांत जास्त होती, आणि मला त्याला स्वतःला दाखवायचं होतं. टोपणं हुकाला लटकत होती. ती घालण्याचाही वेळ मला नको होता. फरशीवर एक्केचाळीस पावलं जाताना, एक्केचाळीस येताना. पात्याखाली कर्रकर्र आवाज येत होता तो मला ऐकू येत होता, सुलो. परत आलो तेव्हा तू चाकापाशी उभा होतास. म्हणालास, "इल्पो, पातं दाखव." मी म्हणालो, "ठीक आहे." तुला दोन मिनिटं लागली असती. पण तू विचारलं असतंस, कुठे फिरून आलास? मग ते प्रशिक्षकाला कळलं असतं, आणि कप्तान फायनल सोडून पुढच्या वर्षाची सोय बघत होता हे सगळ्या खोलीला कळलं असतं. म्हणून मी ‘ठीक आहे’ म्हणालो, आणि चार मिनिटांनी बर्फावर फतकल मारली. बर्फ उत्तम होता.

बातमीदाराला मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. पहिल्या पत्रात मी ते जसंच्या तसं लिहिलंय आणि वर ‘आठवत नाही’ म्हटलंय. एवढा निर्लज्जपणा मलाही कधी जमेल असं वाटलं नव्हतं.

आता पंचवीस फेब्रुवारीचं ऐक. ‘चर्चा करून बघतो’ म्हणणाऱ्या त्या टोकदार बुटाच्या माणसानं चर्चा केली आणि सुऱ्या विकायला काढल्या! दारातच, भल्या मोठ्या टोपलीत, सॉसेजच्या गाडीशेजारी. मी तिथेच भांडणार होतो. पण भांडायचा हक्क आधी मिळवायला हवा, असं म्हणून आत गेलो. तू पाठवलेली जोडी घातली. पाय सुजलेले, बाहेरचं बोट अजून काळं आहे.

कार्यक्रम असा होता, की मी आधी बर्फावर एक फेरी मारायची, मग मधल्या गालिच्यावर येऊन भाषण. हॉल भरलेला. मी ढोंग करणार नव्हतो. ठरवलं होतं, साधी फेरी मारायची, त्या निळ्या रेघेवर पूर्वीसारखं उजव्या पायावर वळायचं, पुढे पातं काय करील ते करील. पात्यानं जे शहाण्णव साली केलं तेच केलं. सत्तावन्न वर्षांचा माणूस, धातूचा खुबा, धपकन खाली. आधी सगळे ‘हाऽऽ’ म्हणाले. मग वरच्या रांगांमधून कुणीतरी ओरडलं, "सुलोची धाऽऽर!" आणि पाच हजार माणसं हसायला लागली. दुष्टपणानं नाही, प्रेमानं हसत होती. त्यानं मला जास्तच चीड आली.

अध्यक्ष टोकदार बुटांवर घसरत धावत आला. "इल्पो, लागलं का?" त्याच्या हातातला माइक मी ओढून घेतला आणि बसल्या बसल्याच बोललो. भाषण पाठ केलं होतं, ते सगळं विसरलो. म्हणालो:

"ही सुलोची धार नाही. सुलोची धार या डाव्या पायावर आहे, तो बघा बर्फ कसा धरतो. उजव्या पायावर माझं काम आहे. हे पातं मी शहाण्णवच्या फायनलमध्ये मागच्या बोळातल्या फरशीवर घासून घालवलं. स्वीडनच्या माणसाला भेटायला गेलो होतो. सुलोनं पातं मागितलं, मी दिलं नाही. विजेतेपद मी घालवलं, आणि दोष त्याच्यावर टाकला. सत्तावीस वर्षं तुम्ही चुकीच्या माणसाला हसताय, कारण मी तुम्हाला हसू दिलं. आणि बाहेर त्या टोपलीत जी टिंगल विकायला ठेवलीय ती आत्ताच्या आत्ता उचला!"

सुलो, एवढ्या मोठ्या हॉलमध्ये गोठवण यंत्राची घरघर ऐकू येत होती. मग एक म्हातारा उठून ओरडला, "आता सांगतोस होय रे, माकडा!" आणि शिट्ट्या सुरू झाल्या, निषेधाच्या. शर्टाच्या दोरीपाशी उभी असलेली माणसं अध्यक्षाकडे बघत होती. त्यानं घाबरून हात वर केला, त्यांना वाटलं ओढा म्हणतोय. त्यांनी ओढला. शिट्ट्यांच्या गदारोळात माझा शर्ट छताला गेला. मी अजून खालीच बसलेलो होतो, कारण मला एकट्याला उठता येत नव्हतं.

आउने आली होती, तुला सांगितलंय का तिनं? स्वतः तिकीट काढून, वर सोळाव्या रांगेत. बाहेर कोट घालताना माझ्यापाशी थांबली. मला वाटलं, काहीतरी मऊ बोलेल. म्हणाली, "पडलास ते बरं केलंस." आणि गेली. खरंच, जोरात चालते.

सुऱ्या दुसऱ्या दिवशी जिन्याखाली गेल्या. पेपरात पहिल्या पानावर आलं, तुझा फोटो, तोच जुना, पण या वेळी मथळा बरा होता. माझ्या शेगड्यांच्या दोन गिऱ्हाइकांनी सौदा मोडला. मोडू देत.

आता खरी गोष्ट. परवा मी सामानाच्या दुकानात दोर घ्यायला गेलो. कापायला लागली ती नवी मुलगी, विशीतली असेल. कात्री बोथट. ती आपल्याच नादात शेजारणीला म्हणाली, "शी! ही कात्री म्हणजे अगदी इल्पोची धार आहे." मग वर बघितलं, मला ओळखलं आणि लाल झाली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिला म्हणालो, "बाई, मी या गावासाठी सतरा हंगाम खेळलोय! दात पाडून घेतलेत! एकदा चुकलो आणि कबूलही केलं, आणखी काय हवंय तुम्हाला?" ती बिचारी रडवेली झाली. मी दोर तिथेच टाकला, घरी आलो, अंगणातला बर्फ दोनदा उपसला, तरी राग जाईना. झोप नाही. हा काय न्याय झाला? माझं नाव! काल पेट्रोलपंपावर पुन्हा ऐकलं. लोणी लावताना माझ्या स्वतःच्या मेहुण्याच्या तोंडून ऐकलं. मी बाहेर जायचं बंद करावं का, असा विचार करायला लागलो.

आणि मग मोजलं. आठ दिवस झाले होते, सुलो. फक्त आठ. आणि मी तर खरंच केलं होतं.

तुझी क्षमा मागायला शब्द जुळवत होतो, पण ते सगळे तुझ्या त्या कात्र्यांपुढे थिटे आहेत, तेव्हा राहू दे. जोडी माझ्याकडे आहे. उजव्याला धार लावायचीय. दुसऱ्या कुणाकडे नेणार नाही. रविवारी सकाळी तुझ्या दारात येतो. उघडलंस तर आत येईन. नाही उघडलंस तर पायरीवर ठेवून जाईन, आणि पुढच्या रविवारी पुन्हा येईन.

इल्पो,
ज्याच्या नावाची कात्री आता गावात कापत नाही